पाटीवरचं वाक्य

पाटी भिंतीवर लावायला चार भोकं पाडायची होती, म्हणून अध्यक्षबाईंनी मला बोलावलं. सल्ला केंद्राच्या बाहेरच्या खोलीत, जिथे लोक आपला नंबर यायची वाट बघत बसतात, तिथे ताईचा फोटो लागणार होता आणि फोटोखाली पितळी पाटी. मी तिचा सख्खा धाकटा भाऊ, धंद्याने प्लंबर, ड्रिल मशीन घरचंच. बाई म्हणाल्या, "तुमच्या हातून लागली तर ताईंना बरं वाटेल." गेलेल्या माणसाला बरं कसं वाटतं ते मला अजून कळलेलं नाही, पण मी गेलो.

दोन भोकं पाडून झाली. तिसऱ्याच्या आधी माप पुन्हा ताडून बघावं म्हणून पाटीवरचा कागद सोडला. वर ताईचं नाव, त्याखाली 'समुपदेशक', आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत कोरलेलं एक वाक्य: 'चूक कुणाची ते मागाहून बघू, आधी पत्र तर लिहा.'

मी शिडीच्या पायरीवरच बसलो.

"काय झालं? अक्षर बारीक वाटतंय का?" बाईंनी विचारलं.

"नाही. अक्षर ठीक आहे."

"आपल्या अहवालात घड्याळवाल्या काकांची मुलाखत आली होती ना, त्यातून घेतलंय. सगळ्यांना एकमताने आवडलं. ऐकल्याबरोबर ताईच डोळ्यांपुढे येतात, नाही?"

मी म्हटलं, "भिंतीला ओल आहे. उरलेली दोन भोकं नंतर पाडतो." भिंत ठणठणीत होती. मी आयुष्यभर ओलीच्या भिंती बघितल्यात, त्यामुळे माझ्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही. सामान गोळा केलं आणि घरी आलो.

ते वाक्य ताईचं नव्हतं. ते माझं होतं. आणि परवा चाळीस माणसांसमोर त्याच्यावरचा पडदा निघणार होता.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. जन्माच्या वेळी अडली, मेंदूला हवा कमी पडली, आणि त्या पाच मिनिटांनी तिच्या पुढच्या चौसष्ट वर्षांचं ठरवून टाकलं. पायांनी तिला कधी पेललं नाही. हात चालायचे, पण स्वतःच्या मर्जीने. ती कप धरायला जायची आणि हात खिडकीकडे निघायचा. बोलणं तोंडातून बाहेर येईपर्यंत त्याचे तुकडे व्हायचे. एक साधं वाक्य म्हणजे अर्धा मिनिट, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की ही नुसती कण्हतेय. डोकं मात्र असं तल्लख की घरात पत्त्यांचा डाव तिच्याशिवाय लागत नसे, आणि डावात ती चक्क लबाडी करायची. हात उडाला असं दाखवून माझे पत्ते खाली पाडायची आणि सगळे बघून घ्यायची. मी आरडाओरडा केला की आई मलाच रागवायची, "तिच्यावर काय ओरडतोस!" ताई आईच्या पाठीमागून मला डोळा मारायची. तिला बिचारी म्हणणाऱ्यांना मी हा किस्सा आवर्जून सांगतो.

तिचं बोलणं पुरतं कळायचं ते आईला आणि मला. बाबांना निम्मं कळायचं, उरलेल्या निम्म्याला ते मान डोलवायचे. ताईला सगळ्यात जास्त चीड होती ती ह्या मान डोलवण्याची. डॉक्टर डोलवायचे, मास्तर डोलवायचे, आत्या तर तिने तोंड उघडायच्या आत डोलवायची. म्हणून तिने व्हीलचेअरच्या हाताला इलॅस्टिकने एक स्टीलचा चमचा बांधून घेतला होता. कुणी न कळता मान हलवली की चमचा टेबलावर खाडकन आपटायचा आणि प्रश्न यायचा, "काय म्हणाले मी?" भले भले घाबरायचे. ती म्हणायची, जगात माणसं दोनच प्रकारची, पुन्हा विचारणारी आणि मान डोलवणारी.

शाळांनी घेतलं नाही तेव्हा आईने घरी शिकवलं. पुढे लेखनिक घेऊन परीक्षा दिल्या. लेखनिक मुलीला बोलणं कळायचं नाही, म्हणून ही मुळाक्षरं लिहिलेल्या पाटीवर एकेका अक्षरावर बोट नेऊन उत्तरं सांगायची. सगळ्यांचे पेपर तीन तासांत संपायचे, हिचा दिवस मावळायचा. असं करत मानसशास्त्रात एम.ए. झाली, आणि चाळिशीत, आई गेल्यावर, सल्ला केंद्रात नोकरीला अर्ज केला. तेव्हाचे केंद्राचे डॉक्टर सज्जन होते. ते म्हणाले, "तुमची योग्यता आहेच. पण येणाऱ्यांना तुमचं बोलणं कळायला हवं ना?"

ताई म्हणाली, "माझा भाऊ आहे."

मला न विचारता. मी दारात उभा राहून तिचं हेच वाक्य डॉक्टरांना ऐकवलं आणि मग मला कळलं की मी नोकरीला लागलो.

सकाळी टाक्या आणि नळ, दुपारी तीन ते सहा ताईच्या खोलीत. पहिल्याच दिवशी तिने मला समोर बसवून नियम सांगितले. "तू नळ आहेस, ठोंब्या. पाणी तुझ्यातून जाणार. नळ पाणी पीत नाही. गरम करत नाही. त्यात साखर घालत नाही. मी बोलेन तेच बोलायचं. ध चा मा केलास तर बघ." खोलीत ऐकलेलं खोलीबाहेर न्यायचं नाही, हा दुसरा नियम. तिसरा असा की 'ताई असं म्हणतात' असं म्हणायचं नाही. "मध्ये तू दिसायलाच नको. मी म्हणजे मी."

त्यामुळे व्हायचं असं की नवरा सोडून गेलेली एखादी बाई रडत आत यायची, आणि हातांना ग्रीस लागलेला, झुपकेदार मिशांचा एक आडवातिडवा माणूस तिला गंभीरपणे सांगायचा, "मी ऐकतेय. मला घाई नाही. मी काही दमत नाही, तुम्ही सावकाश बोला." बाई रडता रडता माझ्याकडे बघायच्या, मग ताईकडे, आणि हसायलाच लागायच्या. ताईला ते फार आवडायचं. म्हणायची, निम्मं काम तुझ्या मिशा करतात.

सहा वर्षं मी नळ होतो. ऐकलेलं घरी सांगायचो नाही, म्हणून आमची ही चिडवायची, "नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे." पण मी तापट माणूस. गिऱ्हाइकाने सांध्यावरून वाद घातला तर पान्हा टाकून निघून येणारा. असा मी त्या खोलीत सहा वर्षं कुणाच्या मध्ये बोललो नाही, याचा मला अभिमान होता आणि आहे.

आणि मग घड्याळवाले काका आले.

चौकात त्यांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान. सडपातळ, कडक इस्त्रीतले, उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ कायमचा उमटलेला. त्यांच्या मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं म्हणून त्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. इथवर तशी नेहमीचीच गोष्ट. पण पुढे तिची आई आजारी पडली, दोन महिने अंथरुणाला खिळली, रोज मुलीचं नाव घेत होती, आणि यांनी मुलीला कळवलं नाही. आई गेल्यावर चौथ्या दिवशी मुलीला कुणा तिऱ्हाइताकडून समजलं. ती आली नाही, भांडली नाही, फक्त गप्प झाली. त्याला तीन वर्षं झाली होती.

हे सगळं सांगून झाल्यावर काकांनी विचारलं, "ताई, खरं सांगा. चूक माझी होती का?"

केसाएवढा स्क्रू एका फटक्यात बसवणारे ते हात पँटची इस्त्री चुरगाळत होते. ताईने त्यांच्याकडे बघितलं. मग तिने बोलायला सुरुवात केली. मान वळली, खांदा उचलला गेला, आणि एकेक शब्द करत वाक्य पूर्ण झालं: "हो. चूक तुमचीच होती. तिला तेवढंच लिहा."

काका माझ्याकडे बघायला लागले.

मला त्या माणसाची दया आली. सरळ सांगतो, दयाही आली आणि ताईचा रागही आला. वाटलं, हिला घर नाही, नवरा नाही, पोरं नाहीत, हिला काय ठाऊक बापाच्या पोटात काय होतं ते. मला दोन मुली आहेत. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चूक कुणाची ते मागाहून बघू, आधी पत्र तर लिहा."

काकांनी चेहरा झाकून घेतला आणि मोठ्याने रडले. सुटल्यासारखे रडले.

ताईला ऐकायला स्वच्छ यायचं. तिचा हात चमच्यावर गेला. चमचा वर उचलला गेला. मी मान खाली घालून खाडकन आवाज व्हायची वाट बघत राहिलो. तो झाला नाही. काका आमचे दोघांचे आभार मानून गेले, दार लागलं, आणि मग ताई म्हणाली, "उद्यापासून येऊ नकोस."

"अगं, एकदाच! सहा वर्षांत एकदा!"

"गळती एकाच थेंबाने सुरू होते. तूच सांगतोस लोकांना."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? आपटायचास चमचा!"

तिने चमच्यावरचा हात काढला. "त्याच्यासमोर तुला खोटं पाडलं असतं, तर तो पुन्हा कुणाचंच ऐकायला गेला नसता."

मी तिला घरी आणून सोडलं आणि दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मनात म्हटलं, बघू, आठ दिवसांत बोलावणं येतंय की नाही. आपल्यावाचून हिचं कोण ऐकणार!

आलं नाही. ती एकटीच खोलीत बसायला लागली. मी रोज तिला सोडायचो, उचलून खुर्चीत बसवायचो, आणि बाहेर बाकावर बसायचो. सुरुवातीला लोक पाच मिनिटांत बाहेर यायचे, काहीच कळलं नाही म्हणून. काही पुन्हा आले नाहीत. पण जे राहिले ते शिकले. पुढे झुकून, पुन्हा पुन्हा विचारून, महिन्या-दीड महिन्यात त्यांना ताईचं बोलणं कळायला लागायचं. ज्यांनी वर्षानुवर्षं कुणाचं पूर्ण वाक्य ऐकून घेतलं नव्हतं, त्यांना तिथे श्वास रोखून ऐकावं लागायचं, नाहीतर चमचा होताच. एक जोडपं यायचं, दोघांचं एकमेकांशी बोलणं सहा महिने बंद. ताई काही म्हणाली की नवऱ्याला एक शब्द कळायचा, बायकोला दुसरा. मग नाइलाजाने बायको विचारायची, "काय म्हणाल्या?" आणि नवरा सांगायचा, "मला वाटतं 'सवय' म्हणाल्या, तुला काय ऐकू आलं?" मी हे बाहेर बाकावरून ऐकायचो. सहा महिन्यांतलं त्यांचं पहिलं बोलणं ते. दुसऱ्या वर्षापासून केंद्रात तिच्यासाठी रांग लागायला लागली.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. सहा वर्षं मी समजत होतो की मी तिचा आवाज आहे. मी बाजूला झालो आणि लोकांना तिचा आवाज ऐकू यायला लागला.

त्या दिवसाबद्दल आम्ही अठरा वर्षांत पुन्हा बोललो नाही. बाकी सगळं होतं. पत्ते होते, तिच्या रहस्यकथा होत्या, ज्यांची पानं उलटायला मी बसायचो आणि ती खुनी कोण ते मला आधीच सांगून टाकायची. पण माझ्या मनात एक गोष्ट होती. त्यानंतर दोनेक वर्षांनी घड्याळवाल्या काकांची मुलगी परत आली. कडेवर पोर घेऊन दुकानात उभी असलेली मी या डोळ्यांनी पाहिली. आणि काका भेटेल त्याला सांगायचे, "ताई मला म्हणाल्या, चूक कुणाची ते मागाहून बघू, आधी पत्र तर लिहा." ते ऐकलं की मी वरून शरमायचो आणि आतून फुगायचो. मनात म्हणायचो, बघ ताई, कधी कधी साखरच लागते. तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही.

छातीत कफ साठून ती गेली. शेवटचे दोन दिवस नाकातोंडावर मास्क होता, आणि त्यातून ती मला काहीतरी सांगत होती. मला कळलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला तिचं बोलणं कळलं नाही. मी कान जवळ नेला, तिने पुन्हा म्हटलं, तिला धाप लागली. नर्सबाईंनी विचारलं, "कळलं का तुम्हाला?" मी हो म्हटलं आणि ताईकडे बघून मान डोलावली. व्हीलचेअर घरी होती, चमचा तिच्यावरच होता. हे मी आमच्या हिलासुद्धा सांगितलेलं नाही.

पाटीचं मात्र सांगितलं. त्या संध्याकाळी ही भाजी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, आता गप्प बसा. सहा वर्षं तुम्ही त्या खोलीत होता. एक वाक्य बदललं म्हटल्यावर लोक विचारतील, बाकीची कशावरून नाही बदलली? ज्यांनी त्या वाक्यांवर आयुष्य काढलं त्यांच्या पायाखालची जमीन काढून घ्यायची का? तुमचं मन हलकं होईल, पण ताईंचं काम जाईल."

तिचं चुकीचं नव्हतं. हीच तर पंचाईत. मी पितळेवरचं खोटं तसंच राहू दिलं असतं तर ताईच्या नावावर माझी साखर कायमची चिकटली असती. खरं सांगितलं तर तिच्या सहा वर्षांच्या कामाला मी स्वतःच्या हाताने भोक पाडलं असतं. दोन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

कार्यक्रमाला सगळ्या खुर्च्या भरल्या, काही लोक भिंतीला टेकून उभे राहिले. पाटी फोटोशेजारी टेबलावर कापडाखाली ठेवली होती. अध्यक्षबाई बोलल्या, आताचे डॉक्टर बोलले, 'अपंगत्वावर मात' हे शब्द चार वेळा आले. ताई असती तर चार वेळा चमचा वाजला असता. ती म्हणायची, मात कसली, मी त्याच्यासोबत राहते, भाड्याने दिलेल्या खोलीतल्या कटकट्या भाडेकरूसारखं ते माझ्यात राहतं. मग बाई म्हणाल्या, "आता भाऊंनी दोन शब्द बोलून पाटीवरचं कापड काढावं."

मी उठलो. कापडाला हात लावला आणि काढलं नाही.

"या पाटीवर एक वाक्य आहे," मी म्हणालो. "सगळ्यांना माहीत असलेलं. ते ताईचं नाही. ती वेगळं म्हणाली होती. मी मध्ये बसायचो, मी ते बदललं. मला वाटलं मला जास्त कळतं. त्यासाठी तिने मला काढून टाकलं, आणि बरोबर केलं. एवढंच."

खुर्च्या करकरल्या. मग पुढच्या रांगेतून बँकेत नोकरीला असलेल्या एक बाई उठल्या. त्या माझ्या वेळच्या, आता केस पांढरे झालेत. "मला तुमच्या तोंडून ताई म्हणाल्या होत्या की आईला संस्थेत ठेवलंत म्हणजे टाकलं नाहीत. वीस वर्षं मी त्या एका वाक्यावर झोपतेय. ते कुणाचं होतं?"

"ताईचं."

"कशावरून?"

त्या खोलीत तिघं असायची. त्यातलं सांगू शकणारं माणूस फोटोत होतं. माझी ही तिसऱ्या रांगेत डोळे मिटून बसली होती.

"मी सांगतो कशावरून." मागून आवाज आला. घड्याळवाले काका काठी टेकत उठले होते. "ताईंनी मला सांगितलं होतं. वर्षभराने, भाऊ खोलीत नव्हते तेव्हा. म्हणाल्या, माझ्या भावाने सहा वर्षांत एकच वाक्य बदललं, ते नेमकं तुमच्या वाट्याला आलं. बाकीचं सगळं जसंच्या तसं गेलं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "अजून म्हणाल्या, नळ चांगला होता, एकदाच गळला."

कुणीतरी हसलं. मग पुष्कळ जण हसले. बँकेतल्या बाई खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. मी उभाच होतो. मला हसू येत होतं की रडू ते सांगता येणार नाही, दोन्ही असावं.

"मग आता या पाटीचं काय करायचं?" अध्यक्षबाईंनी माइकमध्येच विचारलं.

"मागच्या बाजूला कोरा," काका म्हणाले. "पितळ चांगलं आहे."

चहाच्या वेळी काका बाहेरच्या बाकावर बसले होते, माझ्याच जुन्या बाकावर. मी दोन कप घेऊन गेलो. आभार मानायचे होते, पण माझ्या तोंडून भलतंच निघालं. अठरा वर्षं दाबून ठेवलेलं.

"काका, मी चुकलो ते खरं. पण एक सांगा, काम तर झालं ना? तुम्ही पत्र लिहिलंत, मुलगी आली."

काकांनी कप खाली ठेवला. "कुठलं पत्र?"

"मी सांगितलं ते."

"ते लिहिलं की. चार पानी लिहिलं. दुकान कसं चाललंय, गुडघे कसे दुखतात, पाणी कसं येत नाही. चूक कुणाची ते मागाहून बघायचं होतं ना, म्हणून त्यातलं काही लिहिलं नाही. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. वर्ष गेलं भाऊ."

मी हातातला कप बाकावर ठेवला.

"मग मी पुन्हा ताईंकडे आलो. तुम्ही बाहेर होता, याच बाकावर. दोन महिने लागले मला त्यांचं कळायला. मग त्यांनी सांगितलं, मागचं वाक्य भावाचं होतं, आता माझं ऐका. आणि म्हणाल्या. मी विचारलं, काय म्हणालात? त्या पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं." काका बोटांवर मोजत होते. "सात वेळा विचारलं. कळलं नव्हतं असं नाही हो. पहिल्यांदाच कळलं होतं. मला वाटत होतं, दमतील, कंटाळतील, आणि दुसरं काहीतरी म्हणतील. घामाने निथळल्या, मान दुखायला लागली होती, मला दिसत होतं. सातही वेळा तेच. आठव्यांदा मी विचारलं नाही. मीच म्हणालो, चूक माझी होती."

"मग?"

"मग त्यांनी चमचा आपटला आणि म्हणाल्या, पुन्हा. म्हणून मी पुन्हा म्हणालो. घरी जाऊन तेवढंच लिहिलं, एका ओळीचं पत्र. पाचव्या दिवशी दुकानात फोन वाजला."

"मग लोकांना माझं वाक्य का सांगत फिरलात?" माझा आवाज चढला होता.

"ते सांगता येतं," काका म्हणाले. "दुसरं माझ्यापुरतं आहे. आज तुम्हाला सांगितलं."

मला आधी राग आला. स्वतःचा, काकांचा, आणि सगळ्यात जास्त ताईचा. अठरा वर्षं मी मनात फुगत होतो, तिला माझ्या चेहऱ्यावरून सगळं कळायचं, ती एकदा तरी म्हणू शकली असती की ठोंब्या, तुझ्या वाक्याने काही झालं नाही. म्हणाली नाही. माझी तेवढी साखर तिने माझ्याकडे राहू दिली. मग मी हिशोब केला, एका वाक्याला अर्धा मिनिट, सात वेळा, घामाने निथळत. एका माणसाला खरं ऐकवायला तिने एवढं केलं, आणि तिच्या शेवटच्या वाक्याला मी दोनदा ऐकून मान डोलावली. तिसऱ्यांदा विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

काका उठायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"काका, पुन्हा सांगा."

"कुठून?"

"ताई काय म्हणाली, तिथून."

ते पुन्हा खाली बसले, काठी बाजूला ठेवली आणि सावकाश, एकेक शब्द करत सांगायला लागले.